कपाटातली गरम पुरचुंडी

स्वतःचा हातरुमाल स्वतः शोधायचा असं मी ठरवलं, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. लग्न झालेल्या माणसाने कपाट उघडूच नये. "अगं, रुमाल कुठाय?" असं विचारावं आणि "डोळ्यांसमोर तर आहे" हे निमूट ऐकून घ्यावं. पण त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आलो होतो, घरी कुणी नव्हतं आणि नाक थांबायला तयार नव्हतं.

चादरींमागे हात घातला आणि चटकन मागे घेतला. आत काहीतरी गरम होतं! काढून पाहिलं तर कापडाची शिवलेली पुरचुंडी. घरात चिटपाखरू नाही, गॅस बंद, इस्त्री गार (हात लावून पाहिला), आणि ही बया बंद कपाटात तापून बसलेली.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणजे लोक माझ्यासमोर रडतात आणि त्यांचे अश्रू पुरेसे खारट आहेत का ते मी पाहतो. साहजिकच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि थेट मेहुण्याच्या अंगावर पडली. हा बायकोचा धाकटा भाऊ. रसायनशास्त्र शिकलेला, रंगाच्या कारखान्यातली नोकरी गेल्यापासून आमच्याकडे मुक्कामाला. माझी खोली त्याने घेतली, मी हॉलमधल्या सोफ्यावर आलो. शिवाय बहीण-भाऊ स्वयंपाकघरात कुजबुजायचे आणि मी आत गेलो की एकदम हवापाण्याच्या गप्पा. पाणी मुरत होतं ते इथेच!

पुरावा मिळाला की तो सील करायचा, हा आमचा शिरस्ता. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पुरचुंडी घातली, दाबून दाबून सगळी हवा काढली, तोंडावर चिकटपट्टी लावली आणि बायकोची वाट पाहत बसलो.

ती आली. मी पिशवी पुढे धरली. "हात लाव! कशी तापलीय बघ."

तिने हात लावला. "गारढोण आहे."

मीही लावला. खरंच गार!

"मघाशी भाजत होती," मी म्हणालो.

"ताप तुम्हाला आलाय," तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. "आणि कपाटात कशाला शिरलात? ठेवा ती जागेवर."

एवढं बोलून ती घाईघाईने आत गेली. घाई का? मी पिशवी फाडली, पुरचुंडी चांगली हलवून पाहिली. काही नाही. तेवढ्यात बेल वाजली आणि मी ती पँटच्या मागच्या खिशात कोंबली.

दारात मेहुणा, आणि त्याच्यामागे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. मालक सोफ्यावर बसले, मी समोरच्या खुर्चीवर. मेहुणा लगबगीने कपाटाकडे गेला आणि पांढराफटक चेहरा घेऊन परत आला.

"ताई, नमुना नाहीये!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "त्याने शेकायच्या पिशव्या केल्यात. यांना पसंत पडल्या तर दुकानात ठेवणार आहेत. मग तो स्वतःची खोली घेणार आहे."

स्वतःची खोली! म्हणजे माझी खोली मला! आणि तो नमुना माझ्या खाली! सांगावं तर चोर ठरतो, न सांगावं तर जन्मभर सोफा. मी अगदी रडकुंडीला आलो.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही पंचनामा केला असतात."

मालक घड्याळ पाहत उठायला लागले. आणि त्याच वेळी मला खालून ऊब जाणवू लागली. आधी बरी वाटली. मग जास्तच बरी. मग मी "आई गं!" म्हणून जो उडालो, तो थेट मालकांच्या पुढ्यात.

पुरचुंडी खिशातून निघाली. मालकांनी ती तळहातावर घेतली. "अरे वा! ना वायर, ना विस्तव. हे होतं कसं?"

"आत लोखंडाचा भुगा, मीठ, कोळशाची पूड, थोडा ओलावा," मेहुण्याला कंठ फुटला. "हवा लागली की लोखंड गंजतं. अणूंमधले जुने बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते, पण नवे जुळताना त्याहून जास्त सुटते. वरची शिल्लक म्हणजे ही ऊब."

"आमच्या खिडकीचे गज कधीचे गंजताहेत," मी म्हणालो. (संशय जात नाही हो.) "त्यांनी कुणाला शेकलं नाही."

"ते फार सावकाश गंजतात, भाऊजी, म्हणून कळत नाही. आणि हवा काढून घेतलीत तर हीसुद्धा थांबते."

बायको माझ्याकडे बघून इतकी गोड हसली की मला घाम फुटला.

मालकांनी तिथल्या तिथे माल मागवला. मेहुणा खोली शोधायला लागला आणि मी सोफ्याचा निरोप घेतला. (पालथं झोपून. दुसरा इलाज नव्हता.)

आता त्या पिशव्या दुकानात झकास खपतात. मालकांची एकच अट होती, पाकिटावर चित्रासकट सूचना हवी. चित्र बायकोने काढलं. खुर्चीवरून उडालेला एक टकलू, त्याच्यावर लाल फुली आणि खाली 'असे करू नये'. परवा मी सर्दीची गोळी आणायला गेलो, तर दुकानात एका आजींनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः उठून मला बसायला खुर्ची दिली.

"बसा हो," त्या म्हणाल्या, "पण आधी खिसे तपासा."