तायडेसाहेबांचा संकरित संगणक

संगणक सुरू करण्यापूर्वी त्याच्या पाठीवरून हात फिरवणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे राजापेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे गुलाबराव तायडे. ते संगणकाच्या थेट समोरून जात नाहीत. बाजूने येतात, लोखंडी पेटीवर तळवा ठेवतात, "होऽ बापू, होऽ" असे दोनदा पुटपुटतात आणि मग बटण दाबतात. "एकदम समोरून गेलं का जनावर बुजते," हे त्यांचे स्पष्टीकरण.

तायडेसाहेबांची सारी नोकरी गुरांच्या दवाखान्यांत गेली. परतवाडा, तिवसा आणि सर्वांत अधिक काळ दर्यापूरकडची, खारट विहिरींच्या खारपाणपट्ट्यातली खेडी. पद पशुधन पर्यवेक्षकाचे. लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगत, "डॉक्टर नोका म्हनू. डॉक्टर येईपर्यंत जनावर जिवंत ठेवते, तो मी."

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी सुटे भाग आणून घरीच संगणक जोडायला घेतला. दुकानदार जोडून द्यायला तयार होता, परंतु साहेबांना तो अपमान वाटला. "गाईच्या पोटात आडवं फसलेलं वासरू म्या बाहेर काढलं, अन् याच्या पोटात चार वायरी नाई जोडता येत काय?"

हा खटाटोप त्यांच्या दादांसाठी होता. दादा म्हणजे अकोल्याचे थोरले बंधू, निवृत्त मुख्याध्यापक. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. "डोये गेले त्याचं एवढं नाई, सर," तायडेसाहेब मला म्हणाले, "पन तो गप झाला. वाचनं बंद, तं बोलनंही बंद. वहिनी म्हनते, दिवसातून दहा शब्द बोलते." मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा संगणक असतो, असे त्यांनी कोठेतरी ऐकले होते. मोबाइलचा प्रयोग आधीच फसला होता. गुळगुळीत काचेवर बोट नेमके कोठे ठेवावे, हे दादांना उमगत नसे. कळफलकाची बटणे निदान हाताला लागतात.

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला मनुष्य. संगणकाच्या आतले मला काही कळत नाही, हे मी आरंभीच नम्रपणे सांगितले. "नाई कळत तेच बरं," साहेब म्हणाले. "कळनारा मानूस तपासायच्या आधीच रोग सांगून देते." अशा रीतीने माझी नेमणूक झाली. कामे दोन होती. पडद्यावरचे इंग्रजी वाचून अर्थ सांगणे आणि केसपेपर लिहिणे.

केसपेपर त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. वय, दोन दिवस. जात, संकरित, कारण प्रत्येक भाग निराळ्या कंपनीचा होता. तक्रार, उठते पन टिकत नाई.

पहिल्याच दिवशी पडदा निळा झाला आणि त्यावर रडवेला चेहरा उमटला. "आता काहून रडून राहिला रे?" साहेबांनी विचारले. मी इंग्रजी वाचून सांगितले की संगणक अडचणीत सापडला आहे.

"कोनत्या अडचनीत?"

"ते त्याने लिहिलेले नाही."

"म्हंजे मुकंच हाय!" साहेबांचा चेहरा उजळला. "आपल्याच लायनीतलं निंगालं."

त्यांनी आतली स्मरणशक्तीची पट्टी काढली, धोतराच्या मऊ फडक्याने पुसली आणि पुन्हा दाबून बसवली. रडणे थांबले. मात्र नवेच दुखणे सुरू झाले. वाचन सुरू करून सुमारे वीस मिनिटे झाली की संगणक वाक्याच्या मधोमध, काही न बोलता, काळाठिक्कर पडे.

यानंतर मी जे पाहिले, त्याला मी तपश्चर्याच म्हणेन. दिवसाला एकच बदल, हा साहेबांचा नियम. "एका येळी दोन औषधं देल्ली तं लागू कोनतं पडलं, कसं समजन?" सोमवारी प्लग बदलला. मंगळवारी वायर. बुधवारी संगणक कूलरच्या ओल्या वाऱ्यातून हलवून देवळीखाली ठेवला. प्रत्येक वेळी मी घड्याळ लावून बसे आणि केसपेपरवर लिही, 'एकोणीस मिनिटे', 'एकवीस मिनिटे'.

"मले मलेरिया झाला तवा इतक्या खेपा नाई मारल्या यायनं," तायडेवहिनी चहा ठेवता ठेवता मला ऐकवीत.

"तुले बोलता येते," साहेब मान वर न करता उत्तर देत. "त्याले नाई येत."

रोज संध्याकाळी अकोल्याहून साहेबांच्या वहिनींचा फोन येई. एके दिवशी फोन ठेवून साहेब माझ्याकडे वळले. "आज चार शब्द," ते म्हणाले. "त्यातले दोन 'नको'."

बाराव्या दिवशी संगणक बंद पडताच साहेबांनी पेटीचे झाकण काढले आणि पालथा हात आत घातला. संगणकाच्या मेंदूवर उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा असतो. त्यावर त्यांचा हात थबकला.

"सर, हात लावा."

मी भीत भीत लावला. ठोकळा गार होता.

"कान गार अन् आंग तापलेलं," ते हळूच म्हणाले. "ताप आतच अडकला. बाहेर येऊनच नाई राहिला."

त्यांनी चार स्क्रू काढून ठोकळा उचलला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद जसाच्या तसा चिकटलेला होता. मधे लावायचे मलमही त्या कागदावरच लागले होते. कागदावर लाल अक्षरांत इंग्रजी सूचना होती. मी ती वाचली आणि, प्रथमच, अर्थ सांगायला संकोचलो. 'बसवण्यापूर्वी काढून टाका.'

"पाह्यला होता म्या तो कागद," साहेब म्हणाले. "नव्या वस्तूचा काहून काढावा म्हटलं? दादाकडे कोरंच्या कोरं जावं."

त्यांच्या घरातला टीव्हीचा रिमोट आठ वर्षे पिशवीत आहे आणि स्कूटरच्या सीटवर दुकानातले आवरण अद्याप आहे. मला हसण्याचा अधिकार नव्हता. आमच्या सोफ्याचेही काढलेले नाही.

"लिहा, सर," साहेब ताठ उभे राहून म्हणाले. "रोगाचं कारन, पर्यवेक्षक."

कागद निघाला, मलम नव्याने लागले आणि त्या दिवशी संगणक दुपारभर वाचत राहिला. दुसऱ्याच सकाळी आम्ही अकोल्याच्या बसमध्ये होतो. संगणक साहेबांच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला. "काका, हे वर ठेवा न," कंडक्टर म्हणाला. "पेशंट हाय," साहेब म्हणाले. तो पुढच्या तिकिटाकडे वळला. वाटेत मूर्तिजापूरला त्यांनी मला सांगितले की आपण मॅट्रिकला एकही पुस्तक उघडले नव्हते. दादा वाचून दाखवीत, समजावून देत, आणि साहेब नुसते ऐकून पास झाले.

दादा खिडकीशी ताठ बसले होते. आम्ही आल्याचे सांगितल्यावर त्यांनी केवळ मान हलवली. वऱ्हाडातील विहिरींवरच्या एका जुन्या, फारसे कोणी न मागितलेल्या पुस्तकाचे प्रकरण मी संगणकावर उतरवून ठेवले होते. साहेबांनी दादांचे बोट बटणावर ठेवले. वाचन सुरू झाले. आवाज सपाट, पूर्णविरामालाही न थांबणारा. वीस मिनिटे गेली. पंचवीस गेली. संगणक बंद पडला नाही आणि दादांच्या चेहऱ्यावरही काही हलले नाही. मी साहेबांकडे पाहण्याचे टाळले.

"खारपाणपट्ट्यात विहीर अधिक खोल नेल्यास गोड पाणी लागते," संगणक म्हणाला.

"चूक," दादा म्हणाले.

संगणक पुढे वाचतच राहिला.

"चूक हाय हे! बंद कर त्याले." साहेबांनी घाईत भलतेच बटण दाबले आणि आवाज दुप्पट वेगाने धावू लागला. अखेर त्यांनी वायरच उपटली. दादा खुर्चीच्या कडेला सरकले होते. "लिहिनाऱ्यानं इकडचं पानी पेलंच नाई कधी. पावसाचं गोड पानी वरच्या थरात राह्यते. जितकं खाली जासान, तितकं खारं." ते बोलत राहिले. बोटाने हवेत विहीर काढून थर दाखवू लागले. आतून वहिनी पिठाच्या हातांनी आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने दादा थांबले. "समजलं काय, गुलाब?"

खारपाणपट्ट्यातल्या कोणत्या विहिरीच्या पाण्याला कोणत्या गावची म्हैस तोंड लावत नाही, हे तायडेसाहेब झोपेतही सांगतील. त्यांची अर्धी नोकरी त्याच पाण्यावर गेली आहे. ते खाली फरशीवर मांडी घालून बसले.

"नाई समजलं, दादा," ते म्हणाले. "पुन्हा सांग."