मेहुण्याच्या नावाचं रक्त

"दाजी, यंदा देवी माझा खांदा घेत नाही बघा," असं म्हणून आमिंगनं डुकराच्या चरबीत कालवलेल्या भाताचा वाडगा पुढं ओढला. दुःखात त्याला भूक जास्त लागे.

आई दुखण्यातून उठली तर दर्याची देवी माझू, तिची पालखी वाहीन, असा त्याचा नवस होता. आई खडखडीत बरी झाली आणि नेमका मंदिराच्या पंचांनी नियम काढला. मागल्या यात्रेत एक भोई छातीला हात लावून भर रस्त्यात मटकन बसला होता. तेव्हा आधी रक्त तपासा, आणि कोलेस्टेरॉल वर असेल त्यानं घरूनच हात जोडा. आमिंगचा देह पाहता निकाल लावायला रक्ताची गरजच नव्हती.

दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा वेनशान, वाळका बांबू. प्रतिपदा-पौर्णिमेला मांसाला शिवत नसे. एरवी चरबीचा भात मेहुण्याच्या बरोबरीनं चापायचा, पण अंगी काही लागायचं नाही. पालखीचा पुढचा डावा खांदा वर्षानुवर्षं त्याचाच. त्याला पाझर फुटला. नवस फेडायचा राहिला तर म्हातारीला काय वाटेल? "यंदा तू वाहा," तो म्हणाला. "मी देवीची समजूत काढतो."

मंदिराच्या अंगणात तपासणीच्या गर्दीत दोघांनी नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या. वेनशानचं रक्त आमिंगच्या नावावर चढलं, आमिंगचं वेनशानच्या.

निकाल आला. वेनशान पास, आमिंग असा नापास, की डॉक्टरीणबाईंनी तातडीनं बोलावणं धाडलं. वेनशाननं कपाळाला हात लावला. चिठ्ठ्या रक्त तपासणाऱ्यांकडंही उलटल्या असणार, म्हणजे पुन्हा सुलट झाल्या. आपला त्याग फुकट गेला. तिकडं आमिंगच्या बायकोनं चुलीवरचा चरबीचा डबा उचलला आणि नवऱ्यापुढं उकडलेला पाला ठेवला. चार दिवसांत गडी गाईच्या नजरेनं बघायला लागला.

दवाखान्यात सोबतीला वेनशान गेला. बाईंनी आमिंगच्या मानेवर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं. रक्तवाहिन्या सारवलेल्या अंगणासारख्या स्वच्छ.

"हे रक्त तुमचंच ना?" बाईंनी विचारलं.

आमिंगनं छताकडं पाहिलं. वेनशान हसत म्हणाला, "नसलं तर काय बिघडतं बाई? ज्याचं असेल तो तर ठणठणीत आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की कोलेस्टेरॉल काही विष नव्हे, शरीर ते स्वतः बनवतं, त्याच्यावाचून चालतही नाही. पण त्यातलं वाईट वाढलं की वाहिन्यांच्या आत थर धरतं. दुखत नाही, खुपत नाही. जाड-बारीक बघत नाही, आणि पुष्कळदा घराण्यातून येतं. एक दिवस वाट बंद होते, तेव्हाच कळतं.

वेनशानचे वडील काटकच होते. भाताच्या शेतात वाकले ते उठले नाहीत. त्याचं हसू मावळलं. "बाई," तो म्हणाला, "ते रक्त माझं आहे."

त्याला आडवं केलं. मानेच्या वाहिनीत थर सापडला, जाड नव्हता पण होता. मग यंत्र छातीवर आलं आणि पडद्यावर त्याचं काळीज दिसलं. उघडत होतं, मिटत होतं, कुणी न सांगता.

"हे कधीपासून चाललंय?"

"आईच्या पोटात होता तेव्हापासून."

"आणि मी झोपलो की?"

"तेव्हाही."

वेनशान बघतच राहिला. देवीला आपण वाहतो, अशी त्याची ऐट होती. आपल्याला कोण वाहतंय, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

रोज गोळी, चरबी बंद, चालणं सुरू. आणि पुढच्या तपासण्या होईतो पालखी नाही. अदलाबदल कळल्यावर पंचांनी दोघांनाही फैलावर घेतलं, आमिंगचं रक्त त्याच्याच नावानं पुन्हा काढलं आणि चडफडत पास केलं. रिकामा झालेला पुढचा डावा खांदा त्यालाच मिळाला.

यात्रेत आजारी माणसं रस्त्यात एकामागं एक ओणवी होतात, पालखी त्यांच्यावरून जाते. वेनशान पहिल्यांदाच त्या रांगेत बसला. कपाळ रस्त्याला टेकलं, फटाक्यांचा धूर नाकात गेला. पालखी वर आली आणि नेमकी त्याच्या पाठीच्या वरच थांबली.

ढोल थांबले. देवी आपल्या जुन्या भोयासाठी थांबली, अशी कुजबुज गर्दीभर गेली. म्हाताऱ्या गुडघ्यांवर बसल्या. वेनशानचे डोळे वाहू लागले.

तेवढ्यात वरून धापा टाकत हलकेच आवाज आला, "दाजी, कुणाला सांगू नका. जरा दम खातो."

"खा बाबा," वेनशान रस्त्याशीच पुटपुटला. "देवीही त्याचसाठी थांबलीय."