सिंधूमावशीचं नख

आमच्या इंदुरी गावात कुणी गेलं की सिंधूमावशी चार दिवसांनी भेटायला जाते आणि आधी फोटोवरचा सुकलेला हार उतरवते. कुणाला विचारत नाही, रडत नाही. कमरेची कात्री काढते, दोरा कापते, हार पिशवीत कोंबते आणि मग पाणी मागते. घरातली माणसं रडायचं विसरून तिच्याकडे बघत बसतात.

ही माझी शेजारीण. नवलाख उंबरे गावाकडच्या एका पॉलिहाऊसमध्ये तिचं निम्मं आयुष्य गुलाब कापण्यात गेलं. काम सुटलं, पण हाताची खोड कुठली सुटायला! माझ्या कुंपणातून हात घालून शेवंतीची वाळकी फुलं खुडते आणि वर मलाच ऐकवते, "वाळल्यालं ठिवू नका ताई, बाकीच्याला खातंय." एकदा बियांसाठी राखलेला झेंडू तिनं भुंडा करून टाकला. मी असली भडकले की बोलणंच टाकलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब माझ्या जास्वंदीत.

छाटणीला मात्र तिची एक रीत आहे. फांदी कितीही काळी पडलेली असो, आधी अंगठ्याच्या नखानं साल खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की कात्री मागे. वठला म्हणून मी उपटायला काढलेला गुलाब तिनं असाच वाचवला आणि तो फुलल्यावर गल्लीभर माझी अक्कल काढली.

गेल्या वर्षी तिचा नवरा, दत्तूआबा, पक्षाघातानं आडवा झाला. बोलणं गेलं, ओळख गेली, नाकातल्या नळीनं पेज. सुदुंबऱ्याहून तिचा थोरला दीर आला तेव्हा मी तिथंच होते. डॉक्टरांनी हात टेकलेत, नळी काढू, त्याला मोकळं करू, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. माणूस वाईट नव्हता. आबांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, खोलीत वास भरला होता. खरं सांगते, मलाही त्याचं पटत होतं. गावभर सुकलेलं कापत फिरणारी ही बाई आता मान डोलावणार, असंच मी धरून चालले होते.

मावशीनं आबांच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं. नखानं त्यांचा तळवा टाचेपासून बोटांपर्यंत हळूच खरवडला आणि वाकून अंगठ्याकडे बघत राहिली.

"हिरवं हाय अजून," ती म्हणाली. "कापायचं न्हाई."

दीर डोळे पुसत बाहेर गेला. मावशीनं पुन्हा एकदा खरवडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हालला न्हवं, ताई? तुमाला दिसला न्हवं?"

मी डोळे फाडून बघत होते. अंगठा हलला नव्हता.

"हलला, मावशी," मी म्हटलं.

तिनं पांघरूण नीट केलं आणि पेज गरम करायला उठली.