दामूअण्णांचा उलटा प्रवास

दामूअण्णा प्रवासाला नेहमी शेवटाकडून सुरुवात करीत. आपण त्यांना विचारावे, "अण्णा, कोल्हापुरास जायचे आहे, कसे निघू?" तर ते तपकिरीची डबी उघडीत आणि उलट विचारीत, "कोल्लापुरात तुमच्या पायावर पानी कोन घालनार?" त्या माणसाचे नाव, त्याच्या घराचे तोंड कोणत्या दिशेला, तो जेवायला किती वाजता बसतो, एवढे समजले की मग ते तिथून एकेक मुक्काम मागे येत, घाट उतरत, नदी ओलांडत आणि अखेरीस रत्नागिरीत तुमच्या उंबऱ्याशी येऊन थांबत. निघण्याची वेळ तेव्हा कळे. "आदी पोचा, मंग निगा," असे त्यांचे म्हणणे असे. निम्मे गाव त्यांना हसे, आणि उरलेले निम्मे सल्ला घ्यायला त्यांच्या ओटीवर बसलेले असे.

खालच्या आळीत ते आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या परसात चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, तेवढेच काय ते अंतर. बंदरावर आगबोटीच्या तिकिटांच्या खिडकीत त्यांनी तीस वर्षे काढली होती. भोंग्यावर मात करून बोलण्याची सवय पेन्शनीतही सुटली नव्हती, त्यामुळे ते कानात सांगत ते चौथ्या घरात ऐकू जाई. बायको ऐन तारुण्यात गेली, मूलबाळ नव्हते, दुसरे लग्न केले नाही. मी त्या वेळी चाळिशीच्या अलीकडचा शाळामास्तर होतो. आज पन्नाशी मागे पडल्यावर त्यांच्याविषयी लिहावयास बसलो आहे. गमतीचे आधी लिहितो, कारण ते त्यांचे आहे. पुढचे आहे ते माझे.

त्या वर्षांत प्लेग एखाद्या हट्टी पाहुण्यासारखा फिरून फिरून येई. रोगाची बातमी उठली की घाटावरच्या संस्थानांचे नाके बंद होत, दक्षिणेला फिरंग्यांची हद्द बंद होई. टोचल्याचा दाखला, आळीत प्लेगने उंदीर मरून पडला नसल्याचा दाखला, आणि शिवाय हद्दीशी दहा दिवस क्वारंटीनच्या खोपीत मुक्काम, एवढे झाल्यावर पुढे पाऊल. इतर लोक अशा दिवसांत प्रवासाचा विचार सोडून देत. दामूअण्णांना मात्र तेव्हाच हुरूप चढे. कुठला नाका कोणत्या वारी उघडतो, कुठला डॉक्टर जेवणानंतर चिडका असतो, हे सारे त्यांना ठाऊक.

"गोदडी न्येऊ नका," ते बजावीत. "गोदडी दिसली का धुरी देतात, नि मंग चार दिवस वास जात नाय. उशी तर बगायलाच नको. उशी म्हंजे निव्वळ संशय!"

नाक्यावरचा डॉक्टर काखेत चाचपून गाठ पाहतो, याचीही ते तालीम करून घेत. गावच्या शिरस्तेदारांचे एक भाऊ पूर्वी काखेत हात लागताच खदखदून हसले होते. डॉक्टरने हा वाताचा झटका समजून त्यांना पाच दिवस जास्त ठेवून घेतले. तेव्हापासून दामूअण्णांचा नियम झाला, की ज्याला गुदगुल्या होतात त्याला आधी पक्का करायचा. मी एकदा बेळगावास निघालो होतो. भर सकाळी, रस्त्यावरून शाळेची मुले जात असताना, त्यांनी मला ओटीवर दोन्ही हात वर करून उभा केला.

"मास्तर, तोंड सरळ ठेवा. कायतरी दुःखाचं आठवा."

"अण्णा, लोक बघताहेत."

"नाक्यावर काय पडदा लावनार हायत? हां, हसलात! पुन्ना हात वर."

तीन दिवस ही तालीम चालली. चौथ्या दिवशी मी एका पाठात न हसता उत्तीर्ण झालो, तेव्हा त्यांनी आमच्या घराकडे तोंड करून ओरडून सांगितले, "वयनी, मास्तर तयार झाले ओ!" हे बंदरापर्यंत ऐकू गेले असावे.

त्यांची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे आंबा घाटाच्या नाक्यावरचे लग्न. मुलगी घाटावरची, मुलगा आमच्या आळीतला, मुहूर्त ठरलेला आणि नाका बंद. दोन्ही घरे रडकुंडीला आलेली. अण्णांनी रीतीप्रमाणे शेवटापासून विचार केला आणि म्हणाले, "लग्नाला मानसं एका ठिकानी लागतात, एका हद्दीत कशाला?" मग नाक्याची आडवी काठी मध्ये धरून अलीकडे वर आणि पलीकडे वधू उभी राहिली. अंतरपाट काठीवरच टाकला. भटजी पलीकडचे, अक्षता दोन्हीकडच्या. मंगलाष्टके संपताच नवरी काठीखालून वाकून आली ती थेट क्वारंटीनच्या खोपीत. अण्णांनी वरपक्षाला लिहून दिलेल्या सूचनांत एक कलम असे होते: 'नवरदेवाने रोज दुपारी कुंपणाशी जाऊन विचारपूस करावी, उगाच उसासे टाकू नयेत, डॉक्टर श्वास मोजतो.'

एक गोष्ट मात्र ते कधी करीत नसत. रानातल्या चोरवाटा त्यांना तळहातासारख्या ठाऊक होत्या, पण कोणी कितीही गळ घातली तरी ते त्या सांगत नसत. एका सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याने फारच आग्रह केला, तेव्हा मी ओटीवरच होतो. अण्णा त्याला म्हणाले, "चोरवाटेनं तू पोचशील रे. पन तुज्यासंगती आनकी काय पोचंल, त्येची जबाबदारी कोन घेनार, तू का मी?" आणि डबी मिटून आत गेले.

आता माझ्याकडे येतो.

दामूअण्णांना एकच बहीण होती, गंगूबाय. आई बाळंतपणात गेली तेव्हा अण्णा अकरा वर्षांचे होते; ही पोर त्यांनी कडेवर वाढवली. तिला फिरंग्यांच्या हद्दीत, पेडण्याला दिली होती. दर भाऊबिजेला अण्णा तिच्याकडे जात. पण मागची दोन वर्षे हद्द अशी बंद पडली, की दाखलेही चालेनात, आणि गावभर माणसे पोचवणारा हा गृहस्थ स्वतः घरी बसला. त्या वर्षी गंगूबायच्या मुलाचे पत्र आले. आईच्या डोळ्यांत पडदा उतरतो आहे, अजून माणूस ओळखू येते, पुढल्या दिवाळीचे सांगवत नाही, असा मजकूर होता. पत्र मीच वाचून दाखवले. अण्णांनी ते दोनदा वाचावयास सांगितले आणि लगेच मागे येण्यास सुरुवात केली: भाऊबीज, तिच्या आदल्या दिवशी आरोंद्याच्या तरीची होडी, त्यापूर्वी दहा दिवस खोपीत, त्यापूर्वी वेंगुर्ल्याचा धक्का, आणि आश्विन वद्य चतुर्थीच्या सकाळची आगबोट. ही बोट चुकली तर भाऊबीज गेली. लस टोचून घेतली, हात सुजला, तो त्यांनी सगळ्या आळीला कौतुकाने दाखवला. आळीत उंदीर पडलेला नाही असा दाखलाही मिळाला.

तो दाखला मिळाला त्याच्या आदल्या दिवशी आमच्या कणगीमागे उंदीर पडला होता.

मी तो कोणास सांगितला नाही. आमच्या मुलीला, शांतेला, पाहावयास राजापूरची मंडळी यायची होती. आळीला प्लेग लागला असे जाहीर झाले असते तर ती मंडळी माघारी फिरली असती, आणि आम्हां सर्वांना घरे सोडून सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावर, नारळीच्या झापांच्या खोपी बांधून राहावे लागले असते. एक उंदीर मांजरानेही मारलेला असू शकतो, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. मुलांना निबंधात सत्याची थोरवी शिकवणारा माणूस मनाची समजूत किती लवकर घालतो, ते मला त्या दिवशी कळले.

चतुर्थीच्या सकाळी दुसरा उंदीर पडला. उजाडता उजाडता मी परसातल्या फणसाखाली खोऱ्याने खड्डा खणून तो चिमट्याने त्यात टाकीत होतो. एवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला. दामूअण्णा घराची किल्ली आमच्याकडे ठेवायला आले होते. अंगात कोट, डोक्यावर टोपी, बोटीला दोन तास अवकाश. त्यांनी चिमट्याकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच ते हळू आवाजात बोलले.

"कितवा?"

"दुसरा."

"पयला कदी?"

मी दिवस सांगितला. त्यांनी खिशावर हात ठेवला. तिथे तो दाखला होता.

"म्हंजे ह्यो कागद तवाच खोटा झालेला," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्ही काही पाहिले नाही," मी घाईने म्हणालो. "तुम्ही निघा. हद्दीशी दहा दिवस राहणारच आहात. काही असलेच तर तिथे दिसेल. तुमच्या बहिणीपर्यंत पोचणार नाही."

"नि बोटीवर माज्या शेजारी कोन बसनार, मास्तर? त्येचं घर कुटं हाय, तुमाला म्हायती?"

त्यांनी एकदा बंदराच्या दिशेला पाहिले. मग गडगा ओलांडून आमच्या परसात आले आणि माझ्या हातातला चिमटा काढून घेतला.

"राजापूरची मानसं कदी येनार?"

"परवा."

"त्येंना निरोप धाडा, शेजारच्या म्हाताऱ्याच्या परसात उंदीर पडला, महिन्याभरानं या. शेजाऱ्याच्या उंदरानं सोयरीक मोडत नाय."

असे म्हणून ते तो उंदीर स्वतःच्या परसात घेऊन गेले, आणि बोटीला जाण्याच्या कपड्यांतच मुन्शिपालटीत जाऊन वर्दी देऊन आले. वर्दी स्वतःच्या नावाने दिली. मी अडवले नाही. 'उंदीर माझा' एवढे दोन शब्द मला उच्चारता आले असते, पण मी तिथे खोऱ्याला टेकून उभा राहिलो. बोटीचा भोंगा झाला तेव्हा अण्णा ओटीवर बसून ट्रंकेतले सामान परत फळीवर लावीत होते. गंगूबायसाठी घेतलेले लुगडे त्यांनी तेवढे वर ठेवले नाही, ट्रंकेतच राहू दिले.

आळीवर महिन्याची बंदी आली. आम्ही सारे सड्यावर गेलो. शहाणपणाने वेळीच बाहेर पडलो म्हणून आळीत एकही माणूस दगावला नाही, असे डॉक्टर म्हणाले. लोकांनी दामूअण्णांना नावे ठेवली. "गावाला पोचवतो नि स्वतःच्या परसात उंदीर पाळतो," अशी थट्टा रोज खोपीखोपींतून चाले, आणि ते ओरडून उत्तर देत, "पाळला होता खरा, पन रजा न घेता मेला!" राजापूरची मंडळी महिन्याने आली, सोयरीक जमली, शांता आज तिथे सुखात आहे. पौषात हद्द उघडली तेव्हा अण्णा पेडण्याला जाऊन आले. बहिणीने आवाजावरून ओळखले, एवढेच त्यांनी सांगितले.

पण मला डोळ्यांसमोर दिसते ती त्या वर्षीची भाऊबीज. सड्यावर दिवेलागणीची वेळ होती. बायका खोपींच्या दाराशी पाट मांडून भावांना ओवाळीत होत्या. मी दिवसभर मनाशी शब्द जुळवले होते. आज अण्णांचे पाय धरायचे, सर्वांसमक्ष खरे सांगायचे, असे ठरवून त्यांच्या खोपीकडे गेलो.

ते आत नव्हते. खोपीपलीकडे सड्याच्या कडेला, जिथून खाली समुद्र दिसतो, तिथे त्यांनी पाट मांडला होता आणि टोपी घालून, मांडी घालून त्यावर बसले होते. मांडीवर ते लुगडे होते. समोर पश्चिमेला द्वितीयेची बारीक चंद्रकोर नुकतीच दिसू लागली होती. आमच्या घरातून कोणी ओवाळायला यावे का, असे माझ्या पत्नीने दुपारीच विचारले होते. "नको वयनी," ते म्हणाले होते, "माजी ठरलेली हाय." त्याचा अर्थ मला आता कळला. ज्या बहिणीचा भाऊ येऊ शकत नाही, ती त्या संध्याकाळी चंद्राला ओवाळते.

"अण्णा," मी म्हणालो. "अण्णा, मला तुम्हांला काही सांगायचे आहे."

त्यांनी मान वळवली नाही. कपाळ किंचित पुढे केलेले होते, कोणी कुंकू लावताना करावे तसे.

"थांबा मास्तर," ते अगदी हळू म्हणाले. "आत्ताच बोलू नका. तिला दिसत नाय नीट, येळ लागतो."

मी त्यांच्या मागे, हात जोडून, चंद्र बुडेपर्यंत उभा राहिलो.