शर्यतीचं सुतक

मुंजाजीच्या घरी कोणीतरी गेलं, ही बातमी आखाडा बाळापुरात मंगळवारी फुटली. मुंजाजीला ती बुधवारी कळली.

मंगळवारी सकाळी रुख्मिणीबाईची घागर विहिरीत पडली. घागर पडली की मुंजाजीला बोलवायचं, अशी गावाची रीत होती. त्याच्यासारखी बुडी आसपास कोणाला येत नव्हती. रुख्मिणीबाई आली तेव्हा तो ओसरीत जमिनीवर नुसत्या चटईवर पडला होता. दाढी वाढली होती. उशाशी बिनफोडणीचं वरण आणि भात होता.

"मुंजाजी, घागर पडली. चल की."

"मावशे, मला दहा दिवस पाण्यात उतरायचं न्हाई."

रुख्मिणीबाईनं चटईकडे पाहिलं, दाढीकडे पाहिलं, वरणाकडे पाहिलं. अशा वेळी तोंडावर काही विचारायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. "बरं बाबा. जीवाला जप," म्हणाली आणि परत विहिरीवर गेली. विहिरीवर त्या वेळी निम्मं गाव होतं.

खरं कारण शर्यत होतं. नांदेडला गोदावरीत पोहण्याची शर्यत ठरली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर नद्यांना पुन्हा बरं पाणी आलं होतं. शाळेतले ड्रिल मास्तर धर्मसिंग पूर्वी फौजेत होते आणि तिथं पोहत होते. त्यांनी पावसाळाभर मुंजाजीला कयाधू नदीच्या पुरात घातलं. मुंजाजीचा दम वाढला, हात वाढला. मग शर्यत जवळ आल्यावर मास्तर म्हणाले, "आता पोहणं बंद."

"बंद? काहून?"

"अंगात ताकद साठू दे. दहा दिवस खायचं आणि पडून राहायचं."

"पोहून पोहून तर जमलं मास्तर. आता न पोहता कसं जिंकीन?"

"शंकरपटात पळायच्या बैलाला आदल्या आठवड्यात नांगराला जुपतोस का?"

मुंजाजी जुपत नव्हता. त्यामुळे तो कबूल झाला. मास्तरांनी आणखी सांगितलं. खाटेवर झोपून पाठ बिघडवायची नाही. तेल-तिखट खायचं नाही. शेतात जायचं नाही. दाढी-डोकं निघायच्या दिवशी एकदमच. नदीकडे तर फिरकायचंच नाही, कारण पाणी दिसलं की हा उडी मारणार. देऊळ नदीच्याच काठावर होतं, म्हणून देऊळही बंद. एवढं सांगून मास्तर शाळेच्या पोरांना घेऊन खेळायला परभणीला निघून गेले.

बुधवारी गावातले वडीलधारे तातेराव आले. डोक्यावर उपरणं ओढून ओसरीच्या कडेला टेकले.

"वाईट झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"आपल्या हाती काय असतंय, मुंजाजी."

"पर कोण गेलं?"

तातेरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर गेल्यावर ते लोकांना म्हणाले, "धक्का लई बसला. कोण गेलं ते मलाच इचारून राहिलाय."

संध्याकाळी पिठलं-भाकरी आली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरांतून आली. सुतकाच्या घरी चूल पेटवू देऊ नये म्हणून शेजारी पाठवतात तशी. मुंजाजीनं प्रत्येकाला शर्यतीचं सांगितलं. "असू दे, बोल. बोललं की मन हलकं होतं," असं म्हणून लोक ऐकून घेत.

"तू तरी सांग त्याहीला," तो बायकोला म्हणाला.

नर्मदाबाई भाकऱ्या मोजून टोपलीत ठेवत होती. "सांगते. पर आज राहू द्या. वांगे बरे दिसतात."

कोण गेलं, हेही गावानं ठरवलं. मुंजाजीचे एक चुलते अमृतराव फार वर्षांपूर्वी आदिलाबादेकडे गेले होते. त्यांची खबर नव्हती. म्हणजे तेच. मुंजाजी आधी हसला. पण माणूस दिवसभर चटईवर पडला की डोकं कुठंही जातं. खरंच गेले असतील का? मग गावाला कळलं आणि आपल्याला कसं नाही? काका कसे दिसायचे ते आठवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं नेमकं तातेरावांनी पाहिलं.

त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. अंग जड वाटू लागलं होतं. खांदा दुखतो आहे असं वाटे, दाबून पाहिला की दुखत नसे. हात आधी मारायचा की श्वास आधी घ्यायचा, हे आठवेना. झोपेत तो पोहायचा आणि नर्मदाबाईला लाथा बसायच्या. एकदा नुसती बुडी मारून पाहावी म्हणून तो उठून वेशीपर्यंत गेला. लोकांनी त्याला हाताला धरून परत आणलं. अशा मनःस्थितीत माणसाला विहिरी-नदीकडे एकटं सोडू नये, असं सगळ्यांचं मत पडलं.

शेवटी शेषराव आले. ते पलीकडच्या घरी एकटेच राहत. त्यांची बायको जनकाबाई गेल्या वर्षी वारली होती. ते उपरणं न ओढता सरळ बसले.

"कोण गेलं रे?"

"कोणी न्हाई, दादा."

"मग काहून बसला?"

"शर्यत हाय."

"बरं," शेषराव म्हणाले. गावात विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस. मुंजाजीला इतकं बरं वाटलं की त्यानं सगळंच सांगून टाकलं.

"जिंकायचंय, दादा. पर हे बसणं जमंना. पोहणं सोपं हाय."

"सोपं नसतंच. मला वर्ष झालं, अजून जमंना." शेषराव म्हणाले. "सकाळ लई लांब असती. सकाळला काम ठेवावं. मी जवारी निवडतो. निवडलेली असली तरी निवडतो."

दुसऱ्या सकाळपासून ते आपलं सूप घेऊन येऊ लागले. दोघं समोरासमोर बसून ज्वारी निवडत. खडा सापडला की मुंजाजी दाखवी, शेषराव मान हलवीत. दुपारी शेषराव सांगत, "आता पडायचं. झोप न्हाई आली तर डोळे तरी मिटायचे." खांदा दुखतो म्हटलं की ते म्हणत, "दुखू दे. रिकामं अंग असंच बोलतं. आपण जवाब द्यायचा न्हाई." मुंजाजीनं जबाब देणं सोडलं. त्याला झोप लागू लागली. नर्मदाबाईला बसणाऱ्या लाथा थांबल्या.

निघायच्या दिवशी न्हाव्याला बोलावलं. केस पाणी अडवतात, म्हणून डोकं तासायचं असं मास्तरांचं सांगणं होतं. न्हाव्यानं न विचारता मिशीही काढली. आता गावात शंका घेणारा एकही माणूस उरला नाही. दहावा दिवस, मुंडण आणि जायचं कुठं, तर गोदावरीवर. एस.टी.त बसताना तातेराव आणि आणखी आठ-दहा माणसं त्याच्यासोबत चढली.

शेषरावही आले. त्यांच्या हातात सुतळीनं बांधलेली लहानशी पुरचुंडी होती.

"तुला मधल्या धारेत जायचंच हाय," ते म्हणाले. "जनकाच्या अस्थी हायेत. वर्षभर शेतातल्या आंब्याला टांगल्या होत्या. मला जाणं झालं न्हाई. काठावर सोडू वाटंना, काठाला चिखल असतो. कापड मात्र परत आण. तिच्या लुगड्याचं हाय."

शर्यतीत दुसऱ्याचं ओझं नेऊ नये, हे मुंजाजीला समजत होतं. पण त्याला नाही म्हणता आलं नाही. त्यानं पुरचुंडी कमरेला बांधली.

घाटावर बाकीच्या पोहणाऱ्यांची माणसं आरडाओरडा करत होती. बाळापूरची माणसं उपरणी काढून हात जोडून उभी होती. शर्यत पलीकडच्या काठाला हात लावून परत यायची होती. शिट्टी झाली आणि मुंजाजीनं उडी मारली.

आणि त्याला आश्चर्य वाटलं. हात त्याचेच होते, पण कोणीतरी नवे करून दिल्यासारखे. पाणी वाट देत होतं. आपण इतके दिवस याच्याशी भांडत होतो का, असं त्याच्या मनात आलं. पलीकडच्या काठाला त्यानं सगळ्यांच्या आधी हात लावला आणि वळला. मागचे दोघं बरेच मागे होते.

मधल्या धारेत तो थांबला. उभ्यानं पाय मारत त्यानं पुरचुंडी हातात घेतली. सुतळी भिजून फुगली होती. एक गाठ नव्हती. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी गाठ. नखं लावली, दात लावले. पहिला माणूस शेजारून गेला. मुंजाजीनं गाठ दुसऱ्या बाजूनं धरून पाहिली. दुसरा गेला. तिसरा जाताना थांबून विचारून गेला, काही दुखतंय का म्हणून.

तो काठाला लागला तेव्हा चौथा होता. बाळापूरच्या माणसांना त्याचं काही वाटलं नाही. "चुलत्यासाठी मधल्या धारेत उभा राहिला," तातेराव अनोळखी लोकांना सांगत होते. "पोटचं लेकरू करत न्हाई एवढं."

मुंजाजी थेट शेषरावांकडे गेला. पुरचुंडी पुढे केली.

"सुटली न्हाई, दादा. लई गाठी मारल्या तुमी."

शेषरावांनी गाठीवरून बोट फिरवलं. "व्हय. मारताना कळलं न्हाई."

"कोरडी झाली की सोडू. पुन्हा येऊ आपण."

"तुझी शर्यत गेली माझ्यापायी."

"पुढल्या साली हाय की."

शेषरावांनी पुरचुंडी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि अंगातल्या कोपरीच्या आत ठेवली. पुढच्या वर्षी मुंजाजी पहिला आला. त्याच्या पुढच्या वर्षीही आला. दोन्ही वेळा शेषराव पुरचुंडी कोपरीत घेऊन त्याच्यासोबत घाटावर आले होते. जनकाबाईच्या अस्थी अजून सोडायच्या राहिल्या आहेत.