परागचे दोनशे चौसष्ट अर्ज

"पंधरा दिवस! पंधराव्या दिवशी तीन ऑफर लेटरं या टेबलावर नसतील तर नाव बदलीन!"

परागने ही गर्जना केली त्याला आता सात महिने झाले होते. नाव तेच होतं आणि टेबलावर आई मेथी निवडत होती.

तसा पराग कामात हुशार हो! भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. स्टीलच्या डब्याचं झाकण हातात घेतलं की सांगायचा, हे गळणार! आणि ते गळायचंच. पण एका सोमवारी तो कामावर गेला तर शटरला हे मोठं कुलूप! मालक कुठे पळाला, कुणालाच पत्ता नाही. पराग घरी आला, न जेवता झोपला आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ज करायला बसला.

दोनशे चौसष्ट अर्ज! आणि एकाही कंपनीचा फोन नाही. अहो, नकार तरी द्या! कुत्र्याला हाड म्हणायलासुद्धा माणूस तोंड उघडतो!

"अर्ज माणूस वाचतच नाही हल्ली, कॉम्प्युटर वाचतो," असं समोरच्या मितेशने सांगितलं. परागने ताबडतोब रेझ्युमेत कॉम्प्युटरला आवडतील असे शब्द कोंबले. डायनॅमिक काय, टीम प्लेअर काय! तरीही फोन नाही. मग फॉन्ट बदलला. मग फोटो बदलायचा म्हणून मिशीच काढली.

मिशी काढून तो बाहेर आला तर बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे, मी जिवंत आहे अजून!"

परागचे बाबा काशीनाथराव म्हणजे एक प्रकरण होतं. एकतीस वर्षं जकात नाक्यावर इन्स्पेक्टर! ट्रक कुणाचाही असो, कागद बघितल्याशिवाय पुढे सोडायचा नाही. ते निवृत्त झाले, पुढे जकातही गेली, पण बाबांचा नाका काही उठला नाही. ते आता भाजीवाल्याच्या वजनावरचा शिक्का तपासत आणि कुरिअरवाल्याकडे ओळखपत्र मागत. उरलेला वेळ बाल्कनीत मोबाइल घेऊन बसत.

आणि मग कहर झाला. मितेशला चार दिवसांत इंटरव्ह्यूचे दोन कॉल आले! मितेशला! ज्याला डबा कुठला आणि झाकण कुठलं हे विचारून सांगावं लागतं, त्याला!

परागच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खारी गावाच्या पलीकडे, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, लीलाधरशेठची स्टीलच्या भांड्यांची कंपनी होती. घरापासून चालत बारा मिनिटं. तिथे त्याने तीनदा अर्ज केला होता. तो तडक तिथे गेला आणि भरती बघणाऱ्या शिवांगी मॅडमच्या टेबलावर त्याने हात आपटला.

"मॅडम, मी पराग काशीनाथ! तीन अर्ज केले. एक फोन करायला काय होतं तुम्हाला? माणसं आहात की भिंती?"

शिवांगी मॅडम एकदम उभ्याच राहिल्या. "काशीनाथ सरांचे चिरंजीव? बसा ना, प्लीज! अगं सान्वी, काशीनाथ सर का बेटा आया है, पानी ला!" मग हळूच विचारलं, "सर, हमारे पेपर पास हो गए क्या?"

"कसले पेपर?"

मॅडमनी जाडजूड फाइल काढली. "आम्ही फोन केला तेव्हा सरांनी मागितले होते ना. कंपनीचं रजिस्ट्रेशन, लाइट बिल, आगीचं सर्टिफिकेट, शेठचे दोन फोटो. तीन वर्षांत किती लोक सोडून गेले आणि का, त्याची लिस्ट. सब भेजा! तर म्हणाले, झेरॉक्स पुसट आहे, परत पाठवा."

परागने फाइलमधला स्वतःचा रेझ्युमे ओढला. वर ठळक अक्षरांत मोबाइल नंबर होता, आणि तो बाबांचा होता!

जुनं सिम कंपनीचं होतं, ते कंपनीबरोबरच गेलं. त्या दिवशी तात्पुरता म्हणून त्याने बाबांचा नंबर टाकला. दोन दिवसांत नवं सिम आलं, पण रेझ्युमेतला नंबर तसाच राहिला. सात महिन्यांत त्याने फॉन्ट बदलला, फोटो बदलला, मिशी घालवली, पण नंबर काही वाचला नाही. आणि म्हणे क्वालिटी इन्स्पेक्टर!

तो धापा टाकत घरी पोचला.

"बाबा! किती कंपन्यांचे फोन आले माझ्यासाठी?"

"एकोणीस."

"एकोणीस? आणि मला सांगितलं नाहीत?"

"एकही पास झाली नाही, तर सांगू काय?" बाबा शांतपणे म्हणाले. "एकीचा पत्ता भाड्याचा. एकीच्या मालकाला स्वतःच्या कंपनीचं सालच सांगता येईना."

"अहो, इंटरव्ह्यू ते माझा घेणार होते! तुम्ही त्यांचा घेतलात!"

"मग? मागच्या वेळी चौकशी न करता गेलास. कुलूप बघून परत आलास, त्या रात्री जेवला नाहीस. मी बघत होतो सगळं," बाबांचा आवाज जरा हलला. "ते परत बघायची माझ्यात ताकद नाही."

रागाने तर अंग फुटत होतं, पण बापाच्या मायेवर आरडाओरडा करायचा कसा?

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. लीलाधरशेठ! परागने झडप घालून स्पीकर लावला.

"काशीनाथभाई, आपने जो पेपर माँगे ना, उसमें से आधे हमारे पास थेच नहीं! आपके डर से सब बनवा लिए. अब एक काम करो, आप ही आ जाओ. ऑफिस का, भरती का, पूरा चेकिंग आप सँभालो. सोमवार से!"

इंटरव्ह्यू नाही, अर्ज नाही, रेझ्युमे नाही, वय अडुसष्ट! सोमवारी आईने बाबांच्या हातावर दही ठेवलं आणि बाबा शर्ट खोचून कामावर गेले. पराग दार लावायला.

बुधवारी परागचा फोन वाजला. त्याचा स्वतःचा!

"पराग काशीनाथ बोलताय? क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी उद्या अकरा वाजता मुलाखत. ओरिजिनल कागद आणा."

"बाबा, तुम्ही?"

"ऑफिसच्या फोनवर नाती लावायची नाहीत," म्हणून पलीकडून फोन बंद!

मुलाखत बाबांनीच घेतली, ती चाळीस मिनिटं चालली. "मागची नोकरी का सोडली?" असं विचारल्यावर पराग ओरडला, "तुम्हाला माहितीये!" तर बाबा म्हणाले, "तोंडी चालणार नाही, लेखी द्या." मग आधार कार्डावर मिशी आहे आणि तोंडावर नाही, याचा खुलासा मागितला. तोही लेखी. शेवटी फाइल मिटून म्हणाले, "ठीक आहे. कळवतो."

त्याला आज नऊ दिवस झाले. बापलेक रोज एका टेबलावर जेवतात. बाबा मेथीची भाजी मागून घेतात, क्रिकेटवर बोलतात, पण निकालाबद्दल अवाक्षर नाही.

काल शेवटी आईलाच राहवलं नाही. "अहो, पोराचा जीव टांगणीला लागलाय. काय ते सांगून टाका ना एकदाचं!"

बाबा शांतपणे ताक प्यायले. "सुगंधा, उमेदवाराने घरच्यांकडून वशिला लावला, तर अर्ज बाद होतो."

"आई!" पराग ताडकन उठला. "तू एक शब्द बोलू नकोस!"