फ्लेक्सवरची डॉक्टर

शुभ्राला नीट परीक्षेत बरे गुण पडले आणि दुसऱ्याच दिवशी श्रीपादरावांनी भोरच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लावला. ‘भावी दंतवैद्य डॉ. शुभ्रा हिचे हार्दिक अभिनंदन!’ शेजारी बत्तीशी दाखवणारा लेकीचा फोटो. गल्लीभर पेढेही वाटून झाले. मग तिच्या मोठ्या भावाने, मंदारने, सावकाश प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडली.

"बाबा, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून दीडशे लागतात. हिला एकशे एक्केचाळीस आहेत."

"मग नऊच तर कमी आहेत!"

"एक कमी असला तरी अर्ज घेत नाहीत."

श्रीपादरावांनी पुस्तिका ओढून घेतली आणि तो नियम दोनदा वाचला. कचेरीत पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज अपुरे म्हणून परत करणाऱ्या या गृहस्थांना घरातला अर्ज तपासायचं सुचलं नव्हतं. शुभ्राला तर रडूही येईना. जुलैत बारावीचे गुण वाढवून घ्यायची श्रेणीसुधार परीक्षा होती, तेवढीच काय ती आशा. तीही गेली तर वर्ष गेलं आणि भोरात तोंड दाखवायची सोय उरली नाही. ते तोंड तर आठ फूट लांब होऊन स्टँडसमोर लटकत होतं.

"कुणाला कळता कामा नये," आई, कुंदाताई, म्हणाल्या. "आधी तो फ्लेक्स उतरवा!"

श्रीपादरावांनी तो उतरवला. लेकीचा फोटो टाकवेना, म्हणून किकवीहून भाजी विकायला येणाऱ्या फुलाबाईला दिला. "पावसाला झाक हुईल," म्हणत तिनं तो आनंदानं घेतला. ती बसते कुठे, हे विचारायचं तेवढं राहिलं.

परीक्षेच्या दिवशी शुभ्रा तोंडाला घट्ट स्कार्फ बांधून केंद्रावर पोचली. फाटकासमोरच फुलाबाईची भाजी मांडलेली, आणि चार बांबूंवर, गवारीच्या नि भेंडीच्या वर, शुभ्रा स्वतःच हसत होती.

"स्कार्फ काढ," वर्गात पर्यवेक्षिका म्हणाल्या. त्यांनी हॉलतिकीट पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा हॉलतिकीट पाहिलं. "बसा, डॉक्टर."

सगळा वर्ग हसला. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं शुभ्राला झालं. पहिला अर्धा तास तिला स्वतःचा आसनक्रमांकसुद्धा धड लिहिता येईना. असे तीन पेपर झाले. फुलाबाई रोज तिच्याकडे एकदा बघायची आणि मान खाली घालून मेथी निवडायची. एव्हाना हिनं भोरभर केलं असणार, या विचारानं शुभ्राला जेवण जाईना.

निकाल लागला. एकशे एक्कावन्न! तेव्हा कुठे ती मनसोक्त रडली. श्रीपादराव तिला घेऊन तडक फुलाबाईकडे गेले.

"फुलाबाई, फ्लेक्स द्या परत. आता खरं झालंय!"

"साहेब, खुळं का काय? भाजी भिजंल माजी. दिवाळीबिगर न्हाई मिळायचा."

शुभ्रानं हळूच विचारलं, "मावशी, मी परीक्षेला येत होते ते कुणाला सांगितलंत?"

"म्या कशाला सांगू, बाय? लोक इचारायचे, फोटूतली पोरगी हितं सारकी का येती? म्या म्हनलं, माजी दाढ बघाया येती."

शुभ्राचे डोळे भरून आले. फुलाबाईनं मात्र मागं वळून हाक मारली. फ्लेक्सच्या आडोशाला गालावर हात धरून पाच-सहा माणसं बसली होती.

"उठा रं," ती म्हणाली, "आली डाक्टरीन!"